कमी खर्चात रिसीव्हर आणि स्पीकरची जोडी जमवताना

घरी चांगला आवाज हवा असं ठरलं की बहुतेक जण आधी रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन स्पीकर वाजवणारं यंत्र, बघायला लागतात. खोक्यावर वॉटचे ठळक आकडे, पुढे दिवे, मागे पंचवीस-तीस भोकं. खरं यंत्र तेच असं वाटणं साहजिक आहे. मग उरल्या पैशांत बसतील ते स्पीकर घेतले जातात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आवाज कसा येणार हे सगळ्यात जास्त ठरतं ते स्पीकरवरून आणि ते ज्या खोलीत ठेवलेत तिच्यावरून. दोन साधे रिसीव्हर आपापल्या कुवतीत वाजत असतील आणि टोनच्या करामती बंद असतील, तर डोळे मिटून त्यांच्यातला फरक सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. स्पीकरच्या दोन जोड्यांमधला फरक मात्र पहिल्याच मिनिटात कळतो.

शिवाय रिसीव्हर लवकर जुना होतो. एचडीएमआयची आवृत्ती बदलते, नवा सराउंड फॉरमॅट येतो आणि धडधाकट रिसीव्हर मागे पडतो. बरे स्पीकर पंधरा-वीस वर्षं सहज साथ देतात. तेव्हा आधी खोली, मग स्पीकर आणि शेवटी रिसीव्हर, असंच जाऊ.

पहिली पायरी: टेप घेऊन खोली मोजा

तीन मापं कागदावर लिहून ठेवा. तुम्ही बसता तिथून स्पीकर किती लांब असतील, दोन स्पीकरमध्ये किती अंतर ठेवता येईल आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून किती पुढे आणता येतील. पहिल्या मापावरून किती ताकद लागेल ते ठरतं. तिसऱ्यावरून स्पीकरची जात ठरते: मागच्या बाजूला हवेचं भोक, म्हणजे पोर्ट, असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला तर बेस घुमायला लागतो. कपाटातच ठेवायची वेळ असेल तर पुढे पोर्ट असलेला किंवा पूर्ण बंद खोक्याचा स्पीकर बघा.

मग स्वतःला विचारा, गाणी जास्त की सिनेमे? फक्त गाणी असतील तर दोन स्पीकर आणि साधा स्टिरिओ रिसीव्हर किंवा ॲम्प्लिफायर, म्हणजे नुसता आवाजाला ताकद देणारा डबा, पुरे. सिनेमे असतील तर एव्ही रिसीव्हर, म्हणजे चित्र आणि अनेक स्पीकर दोन्ही सांभाळणारा, घ्या, पण पाचही स्पीकर पहिल्याच दिवशी घ्यायचा हट्ट नको. ५.१, म्हणजे पाच स्पीकर (पुढचे दोन, मधला, मागचे दोन) आणि एक सबवूफर (फक्त खालच्या बेसचा स्पीकर) चालवणारा रिसीव्हर, दोन स्पीकरवर उत्तम चालतो. सेटिंगमध्ये बाकीचे ‘नाहीत’ असं सांगितलं की त्यांचा आवाज तो पुढच्या दोघांत वाटून देतो. पाच सुमार स्पीकरांपेक्षा दोन चांगले घ्या, बाकीचे सवडीने जोडा. यावर पुष्कळ वाद होतात, पण एका खोक्यात सगळं मिळणारे ‘होम थिएटर’ संच घेऊन वर्षभरात कंटाळलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की या मुद्द्यावर मी हटत नाही.

दोघांत पैसे कसे वाटायचे? स्टिरिओसाठी साठ टक्क्यांच्या आसपास स्पीकरवर घाला. एव्ही रिसीव्हर असेल तर सुरुवातीला निम्मे-निम्मे होतात, कारण आत सर्किट जास्त असतं. वायर आणि स्टँडचे पैसे आधीच बाजूला काढा, नाहीतर शेवटी घोडं तिथेच अडतं.

दुसरी पायरी: स्पीकरच्या मागचे दोन आकडे

स्पीकरच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात डझनभर आकडे असतात. जोडी जमवायला दोनच लागतात: सेन्सिटिव्हिटी आणि ओहम.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वीज दिली तर स्पीकर एक मीटरवर किती डेसिबल आवाज काढतो. घरगुती स्पीकर बहुधा ८४ ते ९० डेसिबलच्या दरम्यान असतात. सहाचा फरक किरकोळ दिसतो, पण डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. दर ३ डेसिबलला लागणारी ताकद दुप्पट होते. म्हणजे ९० वाल्याला जिथे १० वॉट पुरतात तिथे ८४ वाल्याला ४० लागतात. टोकाचं उदाहरण घ्यायचं तर बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या कामासाठी तयार केलेला एलएस३/५ए हा चिमुकला मॉनिटर स्पीकर ८३ च्या आसपास आहे, आणि कोपऱ्यात उभा करायचा क्लिप्शहॉर्न १०५ सांगतो. दोघांत २२ डेसिबल, म्हणजे ताकदीत सुमारे दीडशे पटीचा फरक. गंमत म्हणजे दोन्ही स्पीकरांचे भक्त आजही आहेत, तेव्हा सेन्सिटिव्हिटी जास्त म्हणजे स्पीकर चांगला असं समजू नका. त्यावरून कळतं ते इतकंच, की त्याला चालवणारा किती तगडा लागेल.

इथे एक मेख आहे. हा आकडा बहुतेकदा ‘२.८३ व्होल्ट, १ मीटर’ असा दिलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट. ४ ओहममध्ये तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॉट. त्यामुळे ४ ओहमचा ८९ डेसिबलवाला स्पीकर वॉटच्या हिशेबाने ८६ चाच असतो. दोन स्पीकरांची तुलना करताना एक ८ ओहमचा आणि दुसरा ४ चा असेल तर ४ वाल्याचे हे ३ डेसिबल वजा करून बघा.

आता ओहम. हा स्पीकरचा विजेला होणारा विरोध. तो जितका कमी तितका जास्त प्रवाह स्पीकर रिसीव्हरकडून ओढतो, आणि तितका रिसीव्हर तापतो. पाठीवर लिहिलेले ८, ६ किंवा ४ हे नाममात्र असतात. खरा विरोध सुरागणिक बदलतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सगळ्यात खालचा बिंदू लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ वाला ६.४ च्या खाली नको. प्रत्यक्षात ‘८ ओहम’ म्हणून विकले जाणारे कितीतरी स्पीकर ४ च्या जवळ डुबकी मारून येतात. म्हणून माहितीपत्रकात ‘किमान’ ओहम दिले असतील तर तो आकडा धरा. ‘८ ओहमशी सुसंगत’ अशी गोलमोल भाषा दिसली की समजून जा, काहीतरी झाकलंय.

रिसीव्हरच्या पाठीवर स्पीकरच्या टर्मिनलजवळ ‘६–१६ ओहम’ असं काहीतरी छापलेलं असतं. नवख्या माणसाला यातून चार प्रश्न हमखास पडतात.

रिसीव्हर ६ म्हणतो आणि स्पीकर ८ चा आहे, चालेल? बिनधास्त. स्पीकरचे ओहम रिसीव्हरने सांगितलेल्या किमान आकड्याइतके किंवा जास्त असले की काळजी नाही.

पुढचे स्पीकर ८ चे, मधला ६ चा, असं मिश्रण चालेल? चालेल. एव्ही रिसीव्हरमध्ये प्रत्येक चॅनेलचा, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या वाटेचा, ॲम्प्लिफायर वेगळा असतो, आणि आवाजाची पातळी नंतर सेटिंगमध्ये सारखी करता येते.

एकाच जोडीच्या टर्मिनलला दोन-दोन स्पीकर जोडले तर? इथे थांबा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रिसीव्हरला ४ दिसतात, ६ चे दोन जोडले की ३. आवाज वाढवला की संरक्षण सर्किट खट्ट करून सगळं बंद करतं. नशीब वाईट असेल तर ते सर्किट वेळेवर जागं होत नाही. ‘ए + बी’ बटण दाबल्यावर बऱ्याच रिसीव्हरमध्ये हेच घडतं, म्हणून दोन्ही जोड्या एकदम वाजवायच्या असतील तर आधी माहितीपुस्तिका बघा.

४ ओहमचा स्पीकर स्वस्तातल्या एव्ही रिसीव्हरला लावूच नये का? हळू आवाजात ऐकणाऱ्याला वर्षानुवर्षं काही होत नाही. पण खोली मोठी, स्पीकर ८५ डेसिबलचा आणि वर ४ ओहमचा, असा तिहेरी योग असेल तर तो स्पीकर सोडून द्या. त्याला लायक रिसीव्हर तुमच्या पैशांत बसणार नाही.

काही रिसीव्हरमध्ये ओहम बदलायचं सेटिंग असतं. ४ किंवा ६ वर ठेवलं की रिसीव्हर व्होल्टेज दाबतो, उष्णता कमी होते आणि त्याबरोबर ताकदही. स्पीकर ६ ते ८ चे असतील तर ते ८ वरच राहू द्या.

तिसरी पायरी: आपल्याला लागतात किती वॉट?

हे गणित पाच मिनिटांचं आहे आणि त्यानंतर खोक्यावरच्या आकड्यांची भीती जाते. समजा स्पीकर ८७ डेसिबल, बसण्याचं अंतर ३ मीटर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात. ३ मीटरवर घट होते साडेनऊची. उरले साडेसत्त्याहत्तर. स्पीकर दोन आहेत, त्याचे ३ मिळवा. भिंतींवरून आवाज परत येतो त्याचे दोन-अडीच धरा. झाले साधारण ८३. म्हणजे एका वॉटमध्ये तुमच्या कानाशी ८३ डेसिबल.

घरात आरामात ऐकायची सरासरी पातळी ७५ च्या आसपास असते. म्हणजे बहुतेक वेळ तुम्ही एक वॉटही वापरत नसता! ताकद लागते ती अचानक येणाऱ्या ठोक्यांना: तबल्याची थाप, स्फोट, ड्रम. हे उंचवटे सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतात. ९५ गाठायला ८३ च्या वर १२ हवेत, म्हणजे १६ वॉट. सिनेमागृहाच्या अधिकृत पातळीला, म्हणजे १०५ डेसिबलच्या उंचवट्यांना जायचं तर २२ हवेत आणि आकडा दीडशे वॉटच्या वर जातो. घरात इतक्या जोरात फार थोडे लोक ऐकतात, शेजारी तर मुळीच ऐकून घेत नाहीत. हाच हिशेब ८४ च्या स्पीकरला केला तर १६ ऐवजी ३२ वॉट येतात, ९० च्या स्पीकरला ८.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मध्यम खोलीत ८७ च्या आसपासचा स्पीकर आणि खरे ५० वॉट ही जोडी पुष्कळ झाली. दुसरी, ५० चे १०० वॉट केल्याने मिळतात फक्त ३ डेसिबल, जेमतेम जाणवतील इतके. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट ताकद लागते. ‘थोडे जास्त पैसे टाकून ८० चा सोडून १००चा घ्या’ असं कुणी भरीला घालायला लागलं तर हे गणित आठवा.

मात्र ‘खरे’ वॉट म्हणजे काय ते बघायला हवं, कारण लबाडी इथेच चालते. एकाच रिसीव्हरवर ‘१५० वॉट’ आणि ‘८० वॉट’ असे दोन्ही आकडे सापडतात आणि दोन्ही तांत्रिकदृष्ट्या खोटे नसतात. १५० च्या पुढे बारीक अक्षरात असतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १ चॅनेल चालू, १० टक्के टीएचडी (आवाजात शिरलेली विकृती). म्हणजे एकच सूर, एकच स्पीकर, आणि आवाज अगदी फाटेपर्यंत ताणलेला. ८० च्या पुढे असतं: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, २ चॅनेल, ०.०८ टक्के. तुलना करायची ती या दुसऱ्या आकड्याची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉट जाहीर करताना या अटी सांगायचा नियम १९७४ मध्येच केला होता. २०२४ मध्ये तो कडक करून ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि ०.१ टक्क्यापेक्षा कमी टीएचडी अशी एकच मोजपट्टी ठरवली. माहितीपत्रकात या मोजपट्टीजवळचा आकडा शोधा. नसेल तर बाकीचे आकडे निम्म्याने कमी करून वाचा. ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या शिखराची ताकद, असं लिहिलेल्या आकड्याला तर काहीच अर्थ नसतो.

अजून एक पडताळा: रिसीव्हर वीज किती खातो ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. तिथे ४०० वॉट असतील आणि खोक्यावर ‘१५० वॉट × ७’ असेल, तर सातही चॅनेल एकदम १५० देणार कुठून? त्याची रोजच्या ऐकण्यात अडचण येत नाही, कारण सातही स्पीकर एकाच वेळी शिखरावर क्वचितच जातात. पण जाहिरातीवर किती विश्वास ठेवायचा ते त्यातून कळतं.

स्पीकरवरचे वॉट कमी आणि रिसीव्हरचे जास्त, किंवा उलट, याने घाबरू नका. स्पीकरचा आकडा सांगतो तो किती सहन करेल. तेवढे वॉट त्याला द्यायलाच हवेत असं काही नाही. १०० वॉटच्या स्पीकरला ४० वॉटचा ॲम्प्लिफायर खुशाल लावा. धोका असतो तो ॲम्प्लिफायर कुवतीपलीकडे ताणण्यात. तेव्हा लाटांची टोकं कापली जातात, सरासरी ताकद वाढते, वरच्या सुरांचा भरणा वाढतो आणि आधी ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा घुमट, जळतो. आवाज कर्कश किंवा चिरका झाला की नॉब मागे घ्या, स्पीकर तुम्हाला तेच सांगत असतो.

चौथी पायरी: रिसीव्हर निवडणं

इतकं झालं की रिसीव्हरची निवड बरीच सोपी होते. ओहम जुळतात का, खरे वॉट पुरतात का, एवढं बघितलं की उरतात सोयी.

टीव्हीला जोडायचा असेल तर एचडीएमआय एआरसी हवं; एकाच वायरीने टीव्हीचा आवाज रिसीव्हरमध्ये येतो. त्याची पुढची आवृत्ती ईएआरसी असली तर ब्ल्यू-रेवरचा, काहीही न गाळलेला (लॉसलेस) डॉल्बी ट्रूएचडीही येतो, पण स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस (छतातल्या स्पीकरांनाही आवाज देणारा सराउंड फॉरमॅट) साध्या एआरसीमधूनही येतो. सबवूफरसाठी ‘सब प्री-आउट’, म्हणजे त्याची वायर लावायचं भोक, असायलाच हवं. खोली मोजणारा माइक सोबत येतो का ते बघा: डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ, काहींत डिरॅक. सात चॅनेल, ८के, सतरा प्रकारचे ‘हॉल’ आणि ‘स्टेडियम’ इफेक्ट यांवर पैसे घालवू नका. ते इफेक्ट पहिल्या आठवड्यानंतर कुणी लावत नाही.

पैसे वाचवायची एक सरळ युक्ती आहे. चित्र रिसीव्हरमधून जायलाच हवं असं नाही. व्हिडिओ गेमचं यंत्र किंवा प्लेअर थेट टीव्हीला जोडा आणि टीव्हीचा आवाज एआरसीने किंवा ऑप्टिकल वायरीने रिसीव्हरला द्या. मग जुना, ४के न समजणारा रिसीव्हरही चालतो, आणि असे रिसीव्हर लोक मातीमोल भावात काढून टाकतात. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ येतं, ॲटमॉस येत नाही. छतात स्पीकर लावायचे नसतील तर काही बिघडत नाही.

फक्त दोन स्पीकर वाजवायचे असतील तर तळहाताएवढे क्लास-डी ॲम्प्लिफायर हाही चांगला मार्ग आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ किंवा टीपीए३२५५ चिपवर चालणारे अनेक छोटे डबे मिळतात. त्यांच्यावरचे वॉट वाचू नका, ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. २४ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर ८ ओहमच्या स्पीकरला न फाटता जास्तीत जास्त ३६ वॉट मिळू शकतात, डब्यावर काहीही छापलेलं असो. आपल्या गणितात लागले होते १६. अशा ॲम्प्लिफायरमध्ये दोन बाजूंच्या काळ्या टर्मिनल एकमेकींना कधीही जोडू नका; त्या जमिनीला जोडलेल्या नसतात आणि चिप जाते.

जुना माल घेताना

कमी पैशांत सर्वांत चांगला आवाज वापरलेल्या स्पीकरांतून मिळतो, पण तपासून घ्या. जाळी काढा आणि वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या कोनच्या, कडेच्या पट्टीला बोटाने हलकं दाबा. रबर असेल तर ते लवचीक लागेल. फोम असेल आणि बोटाला चिकट लागला किंवा भुगा आला, तर तो संपला. बदलून मिळतो, पण ती कटकट किमतीतून वजा करा. मग चारी बोटं कोनच्या मध्याभोवती सारखी पसरून तो हळूच आत ढकला. खरखर आली तर आतली कॉइल घासतेय, तो स्पीकर घेऊ नका. ट्वीटरला मात्र बोट लावू नका, मऊ घुमट एकदा चेपला की चेपला.

मल्टिमीटर असेल तर टर्मिनलवर विरोध मोजा. ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सात दाखवतो, ४ वाला तीन-साडेतीन. पाठीवर ८ लिहिलंय आणि मीटर ३.२ दाखवतोय, तर आत बहुधा भलताच वूफर बसवलेला आहे. एका खोक्यातल्या ‘होम थिएटर’ संचातले सुटे स्पीकरही विकायला असतात. त्यांतले बरेच ३ किंवा ४ ओहमचे असतात आणि त्यांचे प्लगही वेगळे. रिसीव्हरला लावण्यासाठी ते घेऊ नका.

रिसीव्हर तपासताना प्रत्येक चॅनेल वाजवून बघा, प्रत्येक एचडीएमआय भोक वापरून बघा (सगळ्यात आधी मरतात ती हीच), आणि नॉब फिरवताना खरखर येते का ऐका. थोडी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. चालू केल्यावर काही सेकंदांत रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा, ‘टिक’ आवाज यायला हवा. तो येत नसेल किंवा सारखा टिकटिक करत असेल तर आत बिघाड आहे. स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा: ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक. व्होल्टभर दिसले तर तो रिसीव्हर तुमचे नवे स्पीकर जाळेल.

पाचवी पायरी: वायर आणि जोडणी

वायरीवर फार खर्च करायची गरज नाही. १० मीटरच्या आतल्या अंतराला दीड चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर पुरते. ४ ओहमचे स्पीकर किंवा जास्त लांबी असेल तर अडीचची घ्या. तपासायचं ते तांबं. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. दिसायला तांबूस, पण तिचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट, आणि दोनदा वाकवली की तार तुटते. एक तार ब्लेडने खरवडून बघा: आतून पांढरी निघाली तर परत करा. उलट बाहेरून चंदेरी आणि आतून तांबूस असेल तर ती कल्हई केलेली तांब्याची, चांगली.

रिसीव्हरचा प्लग काढून ठेवा. वायरीची टोकं सव्वा सेंटिमीटर सोला, सगळ्या तारा घट्ट पिळून एकत्र करा. एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट, आणि ती इतकी बारीक असते की नंतर टॉर्च लावूनही सापडत नाही. बनाना प्लग घेतलेत तर ही चिंताच मिटते. लाल लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरची बाजू उलटी झाली तर आवाज येतो, बंद पडत काही नाही, फक्त बेस गायब होतो आणि मधोमध येणारा गायकाचा आवाज खोलीभर विखुरतो. शंका आली तर रिसीव्हरकडचं टोक सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, धन टोक लाल वायरीला. दोन्ही वूफर एकाच दिशेला, बाहेर, सरकायला हवेत.

मांडणीत दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण धरा, ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला. रिसीव्हरच्या वर किमान दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, त्यावर सेट-टॉप बॉक्स चढवू नका. तापून बंद पडणाऱ्या रिसीव्हरांपैकी कितीतरी फक्त कोंडलेले असतात.

सहावी पायरी: सेटिंग

खोली मोजणारा माइक कॅमेऱ्याच्या तिवईवर, कानाच्या उंचीला ठेवा. सोफ्याच्या पाठीवर नको. पंखा बंद, मंडळी बाहेर. मोजमाप संपलं की यंत्राने काय ठरवलंय ते उघडून बघा, आंधळेपणाने मानू नका. छोट्या बुकशेल्फ स्पीकरांनाही ते अनेकदा ‘लार्ज’, म्हणजे सगळा बेस झेपणारे, म्हणतं. सबवूफर असेल तर ते ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा, ८० हर्ट्झवर आणा. वूफर पाच इंची किंवा छोटा असेल तर १०० वर. यात जोडी जमवण्याचा एक छुपा फायदा आहे. सर्वांत जास्त ताकद खातो तो खालचा बेस, आणि तो स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या सबवूफरकडे गेला की स्वस्त रिसीव्हरचा भार एकदम उतरतो. सबवरचा क्रॉसओव्हर नॉब सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा, नाहीतर दोघंही कापाकापी करतील.

सबचं अंतर टेपपेक्षा मीटर-दीड मीटर जास्त दाखवलं जाईल. ते दुरुस्त करू नका. सबच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज थोडा रेंगाळतो, तो उशीर यंत्राने अंतराच्या रूपात मोजलेला असतो.

आवाजाचा आकडा −३० असा उणे दिसला म्हणून कमी पडतोय असं वाटून घेऊ नका. मोजमाप झाल्यावर ० म्हणजे सिनेमागृहाची अधिकृत पातळी, आणि घरात बहुतेक जण त्याच्या बऱ्याच खाली ऐकतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये स्वतःचे स्पीकर बंद करून आवाज ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’वर टाका, नाहीतर ५.१ सगळं असून रिसीव्हरच्या पट्टीवर नुसतं ‘स्टिरिओ’ दिसत राहतं.

पुढे पैसे जमले तर क्रम असा ठेवा: आधी सबवूफर, मग मधला स्पीकर, शेवटी मागचे दोन. मधला मात्र पुढच्या दोघांच्याच मालिकेतला घ्या, नाहीतर संवाद म्हणणारं पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेलं की मध्येच त्याचा आवाज बदलतो. मागच्यांना ही अट नाही, तिथे जुने, वेगळ्या कंपनीचे, मिळतील ते स्पीकर खपून जातात.